पासवर्ड रजिस्टर, पाने दोनशे

एका माणसाचा सूड घ्यायला मला आठ वर्षं लागली. अशा गोष्टी सांगताना लोक आधी आपण किती सोशिक होतो ते सांगतात. मी सोशिक नव्हते. बिडकीनहून सकाळच्या एसटीत बसले की त्या माणसाचं वाटोळं कसं करता येईल याचे बेत मी सुरू करायची, ते शहराच्या तोंडाशी नक्षत्रवाडी येईपर्यंत चालायचे. मग पदर सारखा करून, चेहरा सरळ करून उतरायची आणि ऑफिसात जाऊन त्यालाच 'नमस्कार, सर' म्हणायची. डूख धरणं वाईट असतं असं मला पुष्कळांनी सांगितलं. त्यांच्या सेवापुस्तकात लाल शाईची नोंद नव्हती.

मी शहरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात कनिष्ठ लिपिक होते. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. लग्न मोडून मी माहेरी आले होते आणि त्या नोकरीवरच माझी मान वर होती. तो माणूस आमचा प्रबंधक, म्हणजे अख्ख्या ऑफिसचा मालक. सफारी, डोक्याला चापून तेल, खिशाला चार रंगांचे चार पेन. कॉलेजातली कुठलीही वस्तू सहीशिवाय जागची हलली तर त्यांना जेवण गोड लागत नसे. स्टेपलर मागितलं तरी वही पुढं यायची. वस्तू, वेळ, कारण, सही. स्वतः त्यांनी कपाटातून टाचण्यांची डबी काढली तरी स्वतःच्याच वहीत सही करायचे आणि डबी परत ठेवली की पुन्हा. आम्ही पाठीमागं हसायचो.

कॉलेजात संगणक आले ते मी रुजू झाल्यावर दोन वर्षांनी. त्यांच्या खोलीला पडदे लागले, एसी लागला, दाराशी चपला काढायचा नियम झाला. शिंप्याकडून मापाची प्लॅस्टिकची आवरणं शिवून आणली होती आणि बराच काळ संगणक त्या आवरणातच राहिले. टायपिंगची परीक्षा मी पास होते एवढ्यावरच मला तिथं बसवलं. पुढं विद्यापीठाचं काम हळूहळू ऑनलाइन व्हायला लागलं, परीक्षेचे अर्ज त्यातून जायला लागले, आणि कॉलेजातल्या प्रत्येकाला लॉगिन आणि पासवर्ड मिळाला.

आता पासवर्ड ठेवायचे कुठं, हा प्रश्न प्रबंधकांनी एका दिवसात सोडवला.

"पासवर्ड म्हणजे काय, किल्लीच की," ते म्हणाले. "कॉलेजची किल्ली कुणी घरी नेतं का? किल्ल्या ऑफिसात असतात."

त्यांनी एक जाड कापडी पाठीचं रजिस्टर घेतलं. पानांवर आकडे घातले. पहिल्या पानावर लिहिलं, 'या रजिस्टरमध्ये एक ते दोनशे पाने आहेत', खाली प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का. पुढच्या निम्म्या भागात प्रत्येकाचं लॉगिन, पासवर्ड आणि त्याची सही. मागच्या निम्म्या भागात रकाने: कोणाचा पासवर्ड घेतला, कोणी घेतला, कधी, कशासाठी, सही. पासवर्ड बदलायचा तर प्राचार्यांच्या नावानं अर्ज. रजिस्टर प्रश्नपत्रिकांच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली प्रबंधकांच्या करदोट्याला. कुणी हरकत घेतली नाही. मी सुद्धा सुवाच्य अक्षरात पासवर्ड लिहून सही केली, आणि किती व्यवस्थित काम आहे म्हणून मला तेव्हा बरंच वाटलं होतं. हे आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

परीक्षेच्या अर्जांची मुदत संपायला एक दिवस होता तेव्हाची गोष्ट. मी दोन दिवस आधीच रजेचा अर्ज दिलेला होता. धाकट्या बहिणीला बघायला गंगापूरकडचे पाहुणे येणार होते. सगळ्या वर्गांचे अर्ज मी तपासून ठेवले होते. फक्त बीए दुसऱ्या वर्षाच्या एका तुकडीचे, सदतीस, राहिले होते आणि ते शेवटच्या दिवशी सहज झाले असते. तसं चिठ्ठीवर लिहून मी चिठ्ठी संगणकाला चिकटवून गेले होते.

त्या दिवशी मी पहाटेपासून चुलीपुढं होते. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सकाळीच येऊन सांगून गेले, "तू बाहीर नको येऊ पाहुण्यांसमोर, बाई. उगं चार प्रश्न इचारतील." मी बाहेर आले नाही. आतूनच पोहे दिले, चहा दिला, नंतर सगळं जेवण दिलं. दर थोड्या वेळानं अण्णा आत डोकावत होते, मी आतच आहे ना म्हणून. त्या दिवशी घरात लाईटसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात आले तर अर्जांच्या कामाला कुलूप. सदतीस पोरांची नावं बाहेर ठेवून कुणीतरी शेवटचं बटण दाबून टाकलेलं. ते बटण एकदाच दाबायचं असतं, नंतर कॉलेजच्या हातात काही राहत नाही. शिपाई चहा घेऊन आला तेव्हा सहज बोलून गेला, "काल प्रबंधक साहेब बसले व्हते ना तुमच्या खुर्चीवर, दुपारच्याला. मीटिंग व्हती संस्थेची, काम झालं म्हणून सांगायचं व्हतं त्येन्ला." चौकशी लागल्यावर हाच शिपाई म्हणाला की आपण काही पाहिलं नाही. त्याचंही पोट होतं. त्याच्यावर मी डूख धरलेला नाही, निदान तेवढा नाही.

चौकशी समितीपुढं कागद आला. अर्ज अमुक दिवशी दुपारी एक वाजून पंचवीस मिनिटांनी बंद झाले, लॉगिन माझं. मी म्हणाले, मी रजेवर होते. प्रबंधक तिथंच समितीचे कागद धरून बसले होते. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ताई, हे ऑनलाइन आहे. कुठूनही करता येतं. संगणक खोटं सांगत नसतो."

मी म्हणाले, पासवर्ड रजिस्टर बघा, त्या दिवशी कपाट कोणी उघडलं ते बघा.

"ते गोपनीय आहे. त्यात प्राचार्य साहेबांचाही पासवर्ड आहे."

प्राचार्यांचा पासवर्ड शिपायालाही पाठ होता, कारण वर्तमानपत्र वाचायला संगणक तोच लावून द्यायचा. पण समितीनं मान डोलावली. बहुतेक पोरांचं पुढं विनंतीअर्ज करून निभावलं, काहींचे सहा महिने गेले. कुणावर तरी खापर फुटायलाच हवं होतं, ते माझ्यावर फुटलं. माझ्या सेवापुस्तकात प्रबंधकांनी स्वतःच्या हातानं, त्यांच्या त्या मोत्यांसारख्या अक्षरात, लाल शाईनं नोंद केली: 'गंभीर निष्काळजीपणा. विद्यार्थ्यांचे नुकसान. सक्त ताकीद.' आणि माझ्याकडून खाली सही घेतली.

हे मी कदाचित गिळलं असतं. नोकरीत माणूस पुष्कळ गिळतो. पण त्या सदतीसात एक पोरगा बिडकीनचा होता. गावात बोभाटा झाला की अमक्याच्या पोरीनं पोरांचे फॉर्मच भरले नाहीत. एसटी स्टँडवर अण्णांना कुणीतरी ऐकवलं. घरी आल्यावर मी त्यांना सांगितलं, "अण्णा, मी नाही केलं. मी त्या दिवशी इथं होते, तुमच्या डोळ्यांसमोर."

अण्णा जमिनीकडं बघत म्हणाले, "व्हय, व्हतीस. पण कागदावर तुझंच नाव हाय म्हणतात. चुकून झालं आसंल, माय."

आणि दुसऱ्या दिवशी मला न सांगता ते कॉलेजात आले. मी माझ्या टेबलावरून बघितलं. धुतलेलं धोतर, हातात पिशवी. प्रबंधकांच्या टेबलापुढं उभे राहून त्यांनी हात जोडले आणि माझ्या देखत म्हणाले, "पोरीचं चुकलं, साहेब. लेकरू समजून पोटात घाला. तिला ह्या नोकरीबिगर काय नाय." आणि तो माणूस, ज्याला ठाऊक होतं की बटण आपण दाबलंय, तो खुर्चीत मागं टेकून म्हणाला, "असू द्या, असू द्या. माणसाकडून होतं. मी बघतो काय ते."

त्या क्षणी माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले नाही. टाईप करत राहिले. काय टाईप केलं ते मला माहीत नाही.

पिशवीत आमच्या शेतातली मोसंबी होती. साहेबांनी नोकरी वाचवली, लई मोठ्या मनाचा माणूस, असं अण्णा घरोघर सांगायला लागले आणि दर वर्षी मोसंबीचा बहार आला की पिशवी भरून माझ्या हातात द्यायचे. ती मी मांडीवर घेऊन एसटीतून न्यायची आणि त्या टेबलावर ठेवायची. पुढं आमची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, झाडं गेली. अण्णा बाजारातून विकत आणून पाठवायला लागले. एक-दोनदा मला वाटलं, पिशवी वाटेत फेकून द्यावी. पण मी नेली. राग ताजा राहायला त्या पिशवीचा मला उपयोग होत होता.

मला काय हवं होतं ते मी तेव्हाच ठरवलं होतं. ती लाल नोंद रद्द झाली पाहिजे, ज्या हातानं लिहिली त्याच हाताच्या सहीनं, आणि तो कागद अण्णांनी वाचला पाहिजे. बाकी त्या माणसाचं जे होईल ते बोनस.

मी क्रांती चौकातल्या एका संगणकाच्या क्लासला जायला लागले. संध्याकाळची शेवटची जीप पकडून घरी यायची. बढतीची यादी दोनदा निघाली, दोन्ही वेळा त्या नोंदीमुळं मला वगळलं, आणि दोन्ही वेळा प्रबंधकांनी मला बोलावून सांगितलं की मी तुमच्यासाठी पुष्कळ प्रयत्न केले. मी 'आभारी आहे, सर' म्हणाले. ऑफिसात कुणाचा प्रिंटर अडला, कुणाची यादी उघडेना, की मला हाक यायची. मी कुणाला नाही म्हणत नव्हते. लोकांना वाटायचं स्वभावानं गरीब आहे.

आठव्या वर्षी संस्थेनं सगळ्या कॉलेजसाठी एकच नवी प्रणाली घ्यायचं ठरवलं. प्रवेश, हजेरी, पगार, सेवापुस्तकं, सगळं एकाच ठिकाणी. प्राध्यापक आणि ऑफिसच्या एकत्र बैठकीत विचारलं, याची जबाबदारी कोण घेणार, तर सगळे छताकडं बघायला लागले. मी हात वर केला. प्राचार्य तोवर नवे आले होते, त्यांना माझी जुनी गोष्ट माहीत नव्हती. त्यांनी तिथंच आदेश काढला की संगणकविषयक सर्व दप्तर प्रबंधकांनी माझ्याकडं सोपवावं.

प्रबंधकांना निवृत्तीला तेव्हा दोन महिने होते. चार्ज द्यायची त्यांनी यादी केली, अर्थातच दोन प्रतींत. संगणक इतके, आवरणं इतकी, केबल, फुटलेले माऊस सुद्धा. यादी वाचून मी म्हणाले, "सर, पासवर्ड रजिस्टर राहिलं."

"ते आता काय करायचंय? नव्या पद्धतीत लागणार नाही."

"डेडस्टॉकच्या वहीत नोंद आहे ना त्याची, कॉलेजची वस्तू म्हणून. यादीत नको का यायला?"

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. मग पेन उचललं आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं: 'पासवर्ड रजिस्टर, भाग एक, पाने दोनशे.' कपाट उघडून रजिस्टर काढलं आणि काढताना त्याच रजिस्टरात, मागच्या भागात, आजची तारीख घालून सही केली. मी बघत होते. मला तोवर फक्त आशा होती. ती सही बघितली आणि मला खात्री पटली.

मी रजिस्टर माझ्या टेबलावर नेलं आणि पानं उलटत त्या दिवसापर्यंत गेले. तिथं होती. माझं लॉगिन. घेणाऱ्याचं नाव, त्यांचं. वेळ, दुपारी एक वाजून दहा. कारण, परीक्षा अर्ज अंतिम करणे. सही, आणि पुढं परत केल्याची वेळ, एक पस्तीस, पुन्हा सही.

या माणसानं मला आठ वर्षं जाळलं आणि एवढा पुरावा स्वतःच्या कपाटात सांभाळून ठेवला. त्यांनी तो फाडला का नाही, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. विसरले असतील असं मला वाटत नाही. मला वाटतं, त्यांच्यानं फाडवलंच नाही. पहिल्या पानावर दोनशे पानं लिहिलेली होती आणि एकशे नव्व्याण्णव झाली असती.

मी लगेच काही केलं नाही. आधी मी त्यांची मजा बघितली. नव्या प्रणालीत प्रत्येकानं आपला पासवर्ड स्वतः ठरवायचा, स्वतःच्या मोबाइलवर आलेला आकडा टाकायचा आणि कुणाला सांगायचा नाही, असं परिपत्रक मी तयार केलं आणि त्यावर प्रबंधकांचीच सही घेतली. निवृत्तीची कागदपत्रं पुढं जायला त्यांना स्वतःच्या लॉगिननं स्वतःची माहिती तपासायची होती. ते म्हणाले, "ताई, तुम्हीच टाका काहीतरी."

"मला चालणार नाही, सर. तुमच्या सहीचं परिपत्रक आहे."

मग चार दिवस ते माझ्या टेबलाशी स्टुलावर बसून एका बोटानं अक्षरं शोधत होते. एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. ऑफिस बघत होतं. मी प्रत्येक वेळी शांतपणे सांगायची, "परत एकदा, सर." मला याचा आनंद झाला हे मी लपवत नाही.

त्यांचे आठ दिवस उरले तेव्हा मी अर्ज दिला. प्राचार्यांच्या नावानं, विषय: सेवापुस्तकातील नोंद रद्द करणेबाबत. सोबत रजिस्टरच्या त्या पानाची आणि चौकशीच्या कागदाची झेरॉक्स. पण मी तो प्राचार्यांकडं नेला नाही. आमच्याकडं कर्मचाऱ्याचा कुठलाही अर्ज योग्य मार्गानं जावा लागतो, म्हणजे प्रबंधकांकडून. त्यांनी वाचायचा, आवक क्रमांक घालायचा, 'पुढील आदेशार्थ सादर' लिहायचं आणि सही करायची. हा नियम सगळ्यांत कडक कोणी पाळला असेल तर त्यांनीच. थेट वर गेलेला अर्ज ते परत मागवून घ्यायचे.

मी अर्ज त्यांच्यापुढं ठेवला आणि समोरच्या खुर्चीवर बसले. त्यांनी बसा म्हटलं नव्हतं.

त्यांनी अर्ज वाचला. झेरॉक्स बघितली. पान पालटून पुन्हा पुढं आले.

"हे थेट साहेबांकडं द्यायचं होतंत," ते म्हणाले.

"तुम्ही चालू देत नाही, सर."

"माझे आठ दिवस राहिलेत, ताई."

"माहीत आहे. म्हणून आजच आणला."

"मी ती नोंद अशीच काढून टाकतो. लिपिकीय चूक म्हणून. रजिस्टर तेवढं…"

"रजिस्टर माझ्या चार्जमध्ये आहे. यादीवर तुमची सही आहे."

त्यांनी अर्जाच्या आणि झेरॉक्सच्या कडा जुळवल्या. शेवटी एकदम हलक्या आवाजात म्हणाले, "तुमचे वडील आले होते, तेव्हा मला वाटलं होतं सांगावं."

हे त्यांनी बोलायला नको होतं. थोडी दया येण्याची शक्यता असलीच तर ती तिथं संपली. मी म्हणाले, "अर्ज पुढं पाठवा, सर."

त्यांनी शिक्का घेतला. आवक क्रमांक घातला. 'पुढील आदेशार्थ सादर' लिहिलं, अक्षर तसंच, मोत्यासारखं, आणि स्वतःविरुद्धच्या कागदावर सही केली. माझ्या प्रतीवर पोच दिली. मी मागितली नव्हती, सवयीनंच दिली.

प्राचार्यांनी त्यांना आत बोलावलं. काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण दुपारपर्यंत त्यांचा लेखी कबुलीजबाब आला आणि तिसऱ्या दिवशी आदेश निघाला. माझी नोंद रद्द, दोष प्रबंधकांचा, तशी नोंद त्यांच्या सेवापुस्तकात. नव्या प्रणालीत ती नोंद त्यांच्या लॉगिनखाली दिसायला लागली आणि निवृत्तीचे कागद पुढं जायला 'वाचले, मान्य' या चौकोनात त्यांनाच खूण करावी लागली. निरोप समारंभाला शाल नव्हती, भाषणं नव्हती, चहा आणि बिस्किटं होती. मी गेले होते. दोन बिस्किटं खाल्ली. सूड घेतल्यावर रिकामं वाटतं म्हणतात, मला नाही वाटलं. अंगावरून ओलं गोणपाट काढल्यावर वाटावं तसं वाटलं.

आदेशाची प्रत घेऊन मी संध्याकाळी घरी आले. अण्णा ओट्यावर बसले होते. मी त्यांना चष्मा आणून दिला आणि कागद हातात ठेवला. त्यांनी ओळीखाली बोट धरून सगळा वाचला. मग पुन्हा वरून वाचला. शेवटी अंगठ्यानं शिक्क्यावरून हात फिरवला.

"शिक्का हाय," ते म्हणाले. "म्हंजी खरंच तू नव्हतं केलं."

मला त्यांच्या तोंडून हेच ऐकायचं होतं, आठ वर्षं हेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर मला त्यांचा एवढा राग आला की मी खांबाला धरून उभी राहिले. त्या माणसाचा सूड मला घेता आला होता. यांचा कसा घेणार.

अण्णांनी कागदाची नीट घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवायला लागले. "माझ्यापशी ऱ्हाऊ दे हा," ते म्हणाले. "स्टँडावर चार लोकांला दाखीवतो. लई बोलले व्हते."

मी त्यांच्या हातातून कागद काढून घेतला.

"कागद नाही, अण्णा," मी म्हणाले. "तुम्ही नुसतं सांगा. पोरगी म्हणते तिनं नाही केलं, एवढं सांगा."

अण्णांनी चष्मा काढला. या गोष्टीला आता तीन वर्षं होत आली. ते रोज स्टँडवर जाऊन बसतात. अजून त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही.